डी ड्राइव्हला काही होत नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.३५

आज घड्याळ लावून मोजलं. बायकोचा लॅपटॉप बटण दाबल्यापासून चालू व्हायला अकरा मिनिटं घेतो. मी दाढी केली, शर्टाला इस्त्री केली, बाहेर येऊन पाहतो तर पडद्यावरचं ते गोल अजून फिरतंच आहे. नऊ वर्षांचं मशीन. चालू झाल्यावर पहिली गोष्ट काय सांगतं, तर यापुढे या सिस्टीमला अपडेट मिळणार नाहीत, नवीन घ्या. म्हणजे आपल्याच टेबलावर बसून आपल्यालाच नोटीस.

बायकोने काल तिच्या बहिणीच्या नवऱ्याला विचारलं. हा माझा साडू. एका दुकानात फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकतो आणि दर दोन वाक्यांनंतर वॉरंटीवर येतो. मी त्याला मनातल्या मनात वॉरंटीच म्हणतो. त्याने न पाहता मत दिलं: नवीन घेऊन टाका. या माणसाला गुडघा दुखतो म्हणून सांगितलं तरी हेच म्हणेल.

निश्चय: नवीन घेणार नाही. जगातली शहाणी माणसं फुकटची ओपन-सोर्स सिस्टीम टाकून असले म्हातारे लॅपटॉप पळवतात. मीही टाकणार. येत्या रविवारी. दोन तासांचं काम आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १.४०, ऑफिस

जेवणाच्या सुट्टीत अभ्यास पूर्ण. व्हिडिओ अठरा मिनिटांचा होता, दीडपट वेगाने पाहिला. शेवटची पाच मिनिटं 'काही अडचण आल्यास' अशी होती, ती सोडली. तो भाग ज्यांना अडचणी येतात त्यांच्यासाठी असतो.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागाचा मी प्रमुख. सत्तावीस वर्षं. आलेला प्रत्येक कागद माझ्या शिक्क्याशिवाय पुढे सरकत नाही. तरी या इमारतीत माझ्या डोक्याचा उपयोग कुणी करून घेतलेला नाही. इथे अकरा कॉम्प्युटर आहेत आणि ते वापरणारी अकरा माणसं त्या कॉम्प्युटरपेक्षा हळू चालतात. आमची टायपिस्ट माऊस अडला की त्याच्यावर फुंकर मारते. परवा मी विचारलं, याने काय होतं? म्हणाली, बरं वाटतं.

आधी घरचा लॅपटॉप, मग ऑफिसचे अकरा. टिपण लिहायला घेतलं. मथळा: 'कार्यालयीन संगणकांचे स्वातंत्र्य'. पहिलं पान झालं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

टिपणाची चार पानं झाली. सिस्टीम अजून टाकलेली नाही, पण 'मला आलेला अनुभव' हा भाग लिहून ठेवला. नंतर वेळ मिळत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७

बायको म्हणते लॅपटॉपला तेवीस तारखेपर्यंत हात लावू नका.

तिची अडचण अशी. ती वाचनालयात ग्रंथपाल आहे. दोन खोल्या, तीन हजार नऊशे पुस्तकं, एक पंखा. समितीला मागची खोली रिकामी करून भाड्याने द्यायची आहे, त्यासाठी जुनी पुस्तकं रद्दीत काढायची. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत आणि पुस्तकांकडेही उपटायला आलेल्या दातांकडे पाहावं तसंच पाहतात. त्यांनी तीन वर्षांपूर्वी तिला सांगितलं की जे पुस्तक ठेवायचं त्याचं कारण लेखी द्या, बाकीची जातील. तेव्हापासून ती एकेका पुस्तकापुढे शेरा टाइप करते आहे. 'शेवटचं पान फाटलं होतं, दुसऱ्या प्रतीवरून हाताने उतरवून चिकटवलं.' 'घड्याळदुरुस्तीवर आपल्याकडे हे एकच.' असलं काहीतरी. तेवीसला समितीची बैठक आहे आणि त्या दिवशी यादी द्यायची आहे. छापायला घ्यायची आहे पुढच्या आठवड्यात.

मी विचारलं, यादी आहे कुठे? म्हणाली, डीमध्ये. मला हसू आलं.

आमच्या नाक्यावर एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे. दोन-तीन वर्षांनी एकदा लॅपटॉप त्याच्याकडे जातो, तो फॉरमॅट मारतो. सीमधलं सगळं जातं, डीमधलं सगळं राहतं. त्यानेच पहिल्या वेळी बायकोला सांगितलं होतं, "ताई, महत्त्वाचं असेल ते डीमध्ये ठेवत जा. डी ड्राइव्हला काही होत नाही." त्या माणसाच्या तोंडून आयुष्यात बाहेर पडलेलं हे एकमेव शहाणं वाक्य. तेव्हापासून लग्नाचे फोटो, विम्याचे कागद, यादी, सगळं डीमध्ये.

तिला हेच समजावून सांगितलं. तरी म्हणाली, एक कॉपी काढून ठेवा. ठेवतो म्हटलं. वाद घालण्यात माझा वेळ जातो.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३

नवी सिस्टीम आधी पेन ड्राइव्हवर घ्यावी लागते. माझा पेन ड्राइव्ह दोनदा पँटच्या खिशातून धुऊन निघाल्यामुळे चालत नाही. किल्ल्यांच्या खुंटीला बायकोचा लाल पेन ड्राइव्ह लटकत होता. उघडून पाहिलं. आत एकच फाईल: 'यादी'. परवाच्या तारखेची. म्हणजे डीमध्ये आहे तीच. एकच वस्तू दोन ठिकाणी ठेवणं याला पसारा म्हणतात. पुसून टाकला.

बॅकअपही घेतला. वर्तमानपत्रांच्या संपादकांना मी लिहिलेली सेहेचाळीस पत्रं डेस्कटॉपवर होती, म्हणजे सीमध्ये, म्हणजे धोक्यात. ती फोनवर घेतली. छापून आलेली दोनच, ती वेगळ्या फोल्डरमध्ये. बायकोने विचारलं, कॉपी काढली का? हो म्हटलं. त्यात खोटं काही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी १०.०५. बायको वाचनालयात गेली. घरात शांतता. सुरुवात.

१०.४०. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होत नाही. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता एक बटण दाबून धरा. कोणतं ते त्याने अडचणींच्या भागात सांगितलं असावं.

११.१०. वरच्या रांगेतली सगळी बटणं एकदम दाबली. सुरू झाली.

११.२०. भाषा निवडताना बोट घसरलं. आता समोर जे लिहिलेलं आहे ती अक्षरं मी जन्मात पाहिलेली नाहीत. पुन्हा पहिल्यापासून.

११.५०. महत्त्वाचा प्रश्न आला. संपूर्ण डिस्क पुसून नवी सिस्टीम टाकायची, की वाटण्या आपल्या आपण करायच्या? वाटण्या मी वडिलांच्या घराच्या पाहिल्या आहेत, शहाण्या माणसाने त्यात पडू नये. पहिला पर्याय घेतला. मग काय काय पुसलं जाईल याची यादी आली. मी आंधळेपणाने बटणं दाबणाऱ्यांतला नाही. तीनदा वाचली. एसडीए-एक, एसडीए-दोन, एसडीए-तीन. त्यात डी कुठेही नाही. पुसायच्या यादीत नाव नाही, म्हणजे डीला धक्का लागणार नाही. ऑफिसातही जावक यादीत नाव नसलेला कागद बाहेर जात नाही. एवढं साधं असतं.

नक्की का, म्हणून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो. मशीनला धीर नसेल तर आपण द्यावा.

१२.३५. झालं! बटण दाबल्यापासून बावीस सेकंदांत चालू. तीन वेळा बंद करून तीन वेळा चालू केला. तिन्ही वेळा बावीस.

१.१५. बायको जेवायला आली. तिलाही करून दाखवलं. छान म्हणाली. तिच्या छानमध्ये जोर नव्हता, पण तिला तांत्रिक बाबींचं कौतुक असं नाहीच.

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात सगळ्यांना बावीस सेकंद सांगितले. टायपिस्टला दोनदा. स्टोअरकीपर म्हणाला, एवढ्या लवकर चालू करून तुम्ही करता काय? याच वृत्तीमुळे आपण मागे आहोत.

घरी किरकोळ गोष्टी बाकी. वाय-फाय लागत नाही आणि आवाज येत नाही. राऊटर दारापाशी चपलांच्या रॅकवर आहे, तिथे वायर जोडून स्टुलावर बसून नेट चालतं. येणारा-जाणारा माझ्या मांडीवरून चपला काढतो. आवाजाचं म्हणाल तर माझ्या मते मजबूत सिस्टीम सुरुवातीला अनावश्यक गोष्टी बंदच ठेवते.

११ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.३०

बायकोने यादी मागितली. आज आठ शेरे घालायचे होते म्हणे.

डी दिसत नाही.

तासभर पाहिलं. सीही दिसत नाही. या सिस्टीममध्ये मुळाक्षरांची पद्धतच नाही असं दिसतं, ती त्या कंपनीची खोड होती. म्हणजे डी आहे, पण नाव टाकून आत बसला आहे. सुरक्षित सिस्टीम अशीच असते. बायकोला सांगितलं, नव्या घरात गेलं की सामान लावायला दोन दिवस लागतात. ती म्हणाली, सामान आलंय ना पण? आलंय म्हटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ७.१०, स्टुलावरून

या सिस्टीमच्या लोकांचा नेटवर एक कट्टा आहे, तिथे प्रश्न टाकला: डी ड्राइव्ह कुठे लपतो? सात मिनिटांत एकाचं उत्तर आलं. तो म्हणतो, तुम्ही पूर्ण डिस्क पुसली आहे, आता तिच्यावर काहीही लिहू नका, मशीन ताबडतोब बंद करा आणि जाणकाराकडे न्या. या गृहस्थाने स्वतःचं नाव 'झोपाळू कासव' ठेवलेलं आहे. असल्या नावाच्या माणसाचं ऐकून मी मशीन बंद करू?

त्याला सविस्तर उत्तर दिलं. पुसायच्या यादीत डी नव्हता हे पुराव्यासह लिहिलं. त्याने पुढे काही लिहिलं नाही. निरुत्तर झाला.

खबरदारी म्हणून हरवलेल्या फाईल शोधणारे तीन प्रोग्राम उतरवून त्याच लॅपटॉपवर टाकले. दोन जीबीचे अपडेटही येऊ दिले. मागे डोंगराचं चित्र लावलं. आता मशीन तयार आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एकसष्ट हजार फाईल सापडल्या! मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून आकडा सांगितला. ती ओले हात घेऊन आली.

उघडायला बसलो. फाईलना नावं नाहीत, नंबर आहेत. कुठे चित्राची पट्टी, कुठे नुसते चौकोन. लग्नाचा एक फोटो अर्धा निघाला, माझ्याकडचा अर्धा. यादीचे तीन शेरे निघाले, त्यानंतर पुन्हा चौकोन. तीन म्हणजे सुरुवात वाईट नाही. बायको उभ्याउभ्या पाहत होती. विचारलं, बाकीचं? म्हटलं, एकसष्ट हजारांत आहेच, रोज थोडं थोडं काढू.

तिने ते तीन शेरे वहीत उतरवून घेतले. एवढी घाई कशाला ते समजलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४.३०

ऑफिसातून लवकर निघून नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. सल्ला घ्यायला नाही, त्याचं ज्ञान किती आहे ते पाहायला. एका मित्राचं असं असं झालं म्हणून सांगितलं. त्याने मित्राने कोणता पर्याय दाबला ते विचारलं. सांगितलं. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला त्याने.

म्हणाला, "मित्राला सांगा, डी म्हणजे वेगळी डिस्क नसते. एकाच डिस्कचे आम्ही दोन भाग करतो. मी दर वेळी फक्त सी पुसायचो, म्हणून डी राहायचा."

नऊ वर्षं हा माणूस हे पोटात ठेवून होता. एका शब्दाने बोलला नाही. वर म्हणतो, डीला काही होत नाही! आता माझ्यासारख्या माणसाने कुणावर विश्वास ठेवायचा? तीन प्रोग्रामचं सांगितल्यावर त्याने मान हलवली. म्हणाला, पहिल्याच दिवशी मशीन बंद करून आणलं असतं तर निघालं असतं, आता त्याच्यावर एवढं लिहून झाल्यावर काही हाती लागणार नाही. कासवही हेच म्हणाला होता, पण त्याने कारण दिलं नव्हतं.

निघताना विचारलं त्याने, मित्राच्या घरी माहीत आहे का? मी म्हटलं, मित्र एकटाच असतो.

चालत घरी आलो. रिक्षा सुचलीच नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज सांगणार होतो. नीट पार्श्वभूमी देऊन, आधी कंपनीचा दोष, मग दुरुस्तीवाल्याचा, मग सिस्टीम बनवणाऱ्यांचा, ज्यांना पुसायच्या यादीत साधं डी लिहिता येत नाही. पण सकाळपासून तिची मान दुखते आहे. अशा वेळी तांत्रिक विषय काढणं बरं नाही. उद्या नक्की.

तिला मान शेकायला गरम पाण्याची पिशवी करून दिली. ती म्हणाली, आज काय विशेष? विशेष काही नाही म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.४५

मी सांगायच्या आत झालं.

छपाईवाल्याने तिला आजची वेळ दिली होती. निदान सहा तारखेपर्यंतची यादी तरी त्यात आहे म्हणून ती सकाळी खुंटीवरचा लाल पेन ड्राइव्ह घेऊन गेली. अर्ध्या तासात परत आली. पेन ड्राइव्ह माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि विचारलं, यादी कुठे आहे?

मी सुरुवात केली, की मुळात डिस्क म्हणजे काय. वाटण्या म्हणजे काय. एसडीए म्हणजे काय. ती मधे एकदाही बोलली नाही. मला वाटलं तिला समजतंय. चार-पाच मिनिटं बोललो असेन.

मग ती म्हणाली, "म्हणजे नाहीये."

मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर... तिने लॅपटॉप मिटला. आत गेली आणि सिंकचा नळ सोडला. मला वाटलं भांडी घासतेय. नंतर पाणी प्यायला गेलो तर भांडी सकाळचीच घासून पालथी घातलेली. नळ वाहत होता आणि ती ओट्याला टेकून उभी होती. मी पाणी न पिता बाहेर आलो.

संध्याकाळी ६. वॉरंटी आणि मेव्हणी येऊन गेले. मी त्याच्यासाठी उत्तरं तयार ठेवली होती. नवीन घ्या म्हणाला की काय बोलायचं, वॉरंटीचं नाव काढलं की काय. त्याने एकही संधी दिली नाही. बायकोला फक्त विचारलं, कुठे एखादी छापील प्रत आहे का, कुणाला मेल केली होती का? नाही. बरं म्हणाला. माझ्याकडे पाहिलंही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढा वाईट सेल्समन आहे हे आजच कळलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टिपण साहेबांपुढे ठेवलं. चौदा पानं. ठरवलेलं काम अडचणीमुळे सोडणाऱ्यांतला मी नाही.

साहेबांनी पहिलं पान वाचलं. घरी करून पाहिलंत का? हो. वेग वाढला? बावीस सेकंद. आतली माहिती राहिली ना सगळी? मी म्हटलं, काही प्रमाणात. साहेबांनी पेन काढलं, कोपऱ्यात 'दप्तरी दाखल' लिहिलं आणि कागद शिपायाकडे दिले. शिपायाने नियमाप्रमाणे ते आवक-जावकला आणून दिले. मग मी माझ्याच टिपणाला आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि कपाटात ठेवलं. टायपिस्ट पाहत होती. फुंकर मारावी तसं तोंड केलं होतं तिने.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बायको रोज वाचनालयातलं मोठं रजिस्टर घरी आणते. पुस्तकांची नावं त्यात आहेतच, गेली ती कारणं. एकेक नाव पाहते, डोळे मिटते, आठवलं तर वहीत लिहिते. आज अठ्ठावीस आठवली. मी सुचवलं की वहीपेक्षा लॅपटॉपवर टाइप केलंस तर पटापट होईल, आता तो किती वेगवान आहे. तिने मान वर केली. मी गॅलरीत गेलो.

माझ्याशी ती व्यवस्थित बोलते. जेवायला बसा, दूध आलंय, दार लावा. तक्रारीला जागा नाही. घरात फार एकटं वाटतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वाय-फाय चालू झालं. कुणाला सांगू?

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २

समितीची बैठक. मी मागच्या बाकावर बसलो होतो. गरज पडल्यास तांत्रिक बाजू मांडायची तयारी होती.

तिने दोनशे बारा पुस्तकांची कारणं दिली, हाताने लिहिलेली. अध्यक्षांनी पानं मोजली आणि बाकीचं कुठे म्हणून विचारलं. तीन वर्षं होती ना तुमच्याकडे? दोघे-तिघे हसले. ती म्हणाली, लॅपटॉप बिघडला. एवढंच. कुणी बिघडवला ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मला हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लगेच लाजही वाटली. मी उठून बोलायला हवं होतं. बाक दोन रांगा मागे होता हे कारण म्हणून पुरणार नाही, मलाही कळतं.

अध्यक्षांनी सवलत दिली. पुढच्या रविवारी संध्याकाळी रद्दीवाल्याचा टेम्पो येईल. तोपर्यंत कपाटासमोर उभं राहून ज्या पुस्तकाचं कारण सांगता येईल ते राहील.

२६ नोव्हेंबर, बुधवार

उरलेल्या दिवसांसाठी बायकोला रजा टाक म्हणणार होतो, पण ती तर तिथेच नोकरीला आहे. रजा मी टाकली. चार दिवस. साहेबांनी कारण विचारलं. घरचं काम म्हणून लिहिलं.

वाचनालयात गेल्यावर मी काय करू विचारलं. म्हणाली, धूळ पुसा. पुसतो आहे. धूळ पुसायची एक शास्त्रीय पद्धत असते, वरच्या फळीवरून खाली. तिला सांगायला गेलो नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.४०

सकाळी नऊपासून वाचनालयात होतो. वॉरंटी सुट्टी काढून आला होता, मेव्हणी डबा घेऊन. बायको एकेक पुस्तक हातात घ्यायची, उलटून पाहायची. कारण आठवलं तर बहिणीला सांगायची, बहीण लिहायची, वॉरंटी ते पुढच्या खोलीत नेऊन लावायचा. आठवलं नाही तर माझ्याकडे. माझ्या हातात गोणी होती.

दुपारपर्यंत चांगलं चाललं होतं. ती भराभर सांगत होती. हे एका शिंपिणीने अकरा वेळा नेलं, हे पुढे छापलंच गेलं नाही, याच्या समासात कुणीतरी सगळी गणितं सोडवून ठेवलीत, चुकांसकट. मग तिसऱ्या कपाटापाशी तिचा वेग कमी झाला. चौथ्यापाशी ती एक तपकिरी पुस्तक घेऊन नुसती उभी राहिली. पातळसं, पाठीवरचं नाव गेलेलं.

म्हणाली, "याला मी काहीतरी लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं." बराच वेळ पानं चाळली. मग माझ्याकडे वळली. रागाने नाही, खरोखर मदत मागावी तशी. "टाइप झालं की रोज संध्याकाळी तुम्हाला वाचून दाखवायचे मी. तीन वर्षं. तुम्हाला आठवतंय का एखादं?"

मी आठवायला लागलो. खूप प्रयत्न केला, इतका मी कशासाठीच केला नसेल. तिचा आवाज आठवला. चष्मा कपाळावर सरकवायची ते आठवलं. माझं 'हं' आठवलं. ते तर स्पष्ट ऐकू आलं, रोजचं, एकसारखं. ती काय वाचत होती ते आठवेना.

मी म्हटलं, तू एकेक दाखवत जा, पाहिलं की आठवेल मला. खरंच असं वाटलं होतं. तिनेही विश्वास ठेवला. एकेक पुस्तक माझ्यासमोर धरायला लागली. मेव्हणी पेन उघडून बसली. वॉरंटी दारात थांबला. मी प्रत्येक पुस्तकाकडे नीट पाहत होतो. एका जाड निळ्या पुस्तकाला म्हटलं, हे ठेव, याला तू लिहिलं होतंस की हे फार वाचलं जातं. तिने मागचं पान उघडलं. तारखांचा कागद कोरा होता. ते एकदाही कुणी नेलेलं नव्हतं. तिने पुस्तक मिटलं आणि स्वतःच माझ्या गोणीत ठेवलं.

त्यानंतरही ती दाखवत राहिली, टेम्पोवाल्याने खालून हॉर्न दिला तोपर्यंत. सत्तावीस गोण्या झाल्या. मला एकही आठवलं नाही.